चॅप्लिन आणि कीटन : एका जुन्या वादाविषयीं

जुन्या अमेरिकन चित्रपटांचे चार रसिक एकत्र जमले म्हणजे त्यांच्या बोलण्यांत एक प्रश्न हटकून निघतो : चार्ली चॅप्लिन श्रेष्ठ कीं बस्टर कीटन ? या प्रश्नावर शांत स्वभावाचीं माणसेंहि हमरीतुमरीवर येतात. बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांच्या चाहत्यांमधील चुरशीच्या गोष्टी ज्यांनीं घरांतील वडील माणसांकडून ऐकल्या असतील त्यांना या प्रकाराचें फारसें नवल वाटणार नाहीं. दोन्ही पक्षांचीं विधानें आम्हीं आजवर पुष्कळ वाचलीं आणि ऐकलीं आहेत. त्यांतील बहुतेक आम्हांला अपुरीं वाटतात. आणि हा वाद निव्वळ आवडीनिवडीचा म्हणून सोडून देण्यासारखाहि वाटत नाहीं. हास्यरसाचा चित्रपट कशाच्या बळावर उभा राहतो, हा मूळचा प्रश्न त्यांत गुंतलेला आहे.

महाराष्ट्रांत चॅप्लिनचा पक्ष पहिल्यापासूनच प्रबळ आहे. भा. द. खेर यांनीं त्याच्या जीवनावर जी कादंबरी लिहिली तिला ‘हसरे दुःख’ असें नांव दिलें, आणि आपल्याकडील सामान्य वाचकाच्या मनांतील चॅप्लिन त्या दोन शब्दांत सगळा सामावला आहे. कीटनचें नांव मात्र आपल्याकडे सिनेमाचा विशेष नाद असलेल्या थोड्या लोकांनाच ठाऊक असतें. खुद्द अमेरिकेंत वारें निराळ्या दिशेनें वाहूं लागलें आहे. अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटनें १९९८ सालीं १०० उत्तम अमेरिकन चित्रपटांची यादी केली, तींत चॅप्लिनचे ३ चित्रपट होते आणि कीटनचा एकहि नव्हता. २००७ सालीं ती यादी नव्यानें झाली तेव्हां कीटनचा ‘द जनरल’ एकदम १८ व्या जागीं येऊन बसला. आतां तर चोखंदळ म्हणविणाऱ्या तरुण मंडळींत चॅप्लिनला रडका ठरविण्याची एक रीतच पडून गेली आहे. त्यांच्या मतें चॅप्लिन प्रेक्षकांपुढें हात पसरून अश्रू मागतो. कीटन कांहींच मागत नाहीं, म्हणून तो थोर. यावर चॅप्लिनपक्षाचें ठरलेलें उत्तर असें कीं, कीटन हा लांकडी चेहऱ्याचा एक कसरतपटु आहे. उड्या पाहाव्या आणि घरीं जावें.

आमच्या साहित्यशास्त्रांत या वादाला उपयोगी पडेल असें एक वचन आहे. रसांचे परस्परविरोध सांगतांना विश्वनाथानें ‘साहित्यदर्पणां’त हास्याला दोन रस विरोधी म्हणून सांगितले आहेत : करुण आणि भयानक. कारण उघड आहे. ज्याचें मन कळवळलें आहे किंवा ज्याच्या पोटांत भीतीचा गोळा उठला आहे, त्याला हंसूं येत नाहीं. विश्वनाथानें घालून दिलेल्या या दोन कुंपणांपैकीं एक चॅप्लिननें ओलांडलें व दुसरें कीटननें. चॅप्लिन हास्याचा संसार करुणाशीं थाटतो, कीटन भयानकाशीं. दोघांचे मार्ग येथेंच फुटतात, आणि एकाच्या मापानें दुसऱ्याला मोजूं लागलें कीं तो तोकडा दिसतो, तें यामुळेंच.

चॅप्लिनवरील आरोप आधीं पाहूं. ‘द किड’ (१९२१) मधील स्वप्नांत दाखविलेला स्वर्गाचा प्रसंग, किंवा ‘लाइमलाइट’ (१९५२) मधील जीवनविषयक लांबलचक भाषणें, यांच्यापुरता तो आरोप आम्हांला मान्य आहे. तेथें चॅप्लिन खरोखरच कंटाळा आणतो. परंतु ‘सिटी लाइट्स’च्या शेवटाला जेव्हां कोणी भाबडा म्हणतो, तेव्हां त्यानें तो शेवट नीट पाहिला आहे कीं नाहीं याचीच आम्हांला शंका येते. १९२७ पासून बोलपटांची लाट आली असतांहि चॅप्लिननें हा चित्रपट हट्टानें मूक ठेवला आणि १९३१ सालीं लोकांपुढें आणला. फुलें विकणारी एक आंधळी मुलगी एका भणंगाला धनिक समजते. तिच्या डोळ्यांच्या उपचारासाठीं तो पैसे मिळवून देतो आणि त्यापायीं तुरुंगांत जातो. सुटून येतो तों तिला दृष्टि आलेली असते, तिचें स्वतःचें फुलांचें दुकान झालेलें असतें, आणि रस्त्यावरचा हा फाटका मनुष्य पाहून तिला हंसूं येतें. कींव येऊन ती त्याला एक फूल आणि एक नाणें द्यावयास जाते. हाताला हात लागतो आणि त्या स्पर्शानें ती त्याला ओळखते. आतां त्या मुलीच्या चेहऱ्याकडे पाहावें. त्यावर आनंद नाहीं; कृतज्ञता आहे, आणि तिच्यांत मिसळलेली निराशाहि आहे. ज्याची तिनें इतके दिवस वाट पाहिली तो हा ! चॅप्लिन हें लपवीत नाहीं. पुढें त्या दोघांचें काय झालें तें तो सांगतहि नाहीं. तोंडाशीं फूल धरलेला, लाजलेला, भ्यालेला असा आपला चेहरा तो आपल्यापुढें ठेवतो आणि पडदा काळा होतो. यांत भाबडेपणा कोठें आहे तें आम्हांला दिसत नाहीं. उलट, स्वतःच्या नायकाशीं इतकें निष्ठुर वागलेले नट फार थोडे असतील.

या चेहऱ्यासाठींच चॅप्लिनचा कॅमेरा जवळ येतो. कीटनचा कॅमेरा मागें सरतो, आणि त्याला ‘लांकडी’ म्हणणाऱ्यांचा घोटाळा येथेंच होतो. कीटन लहानपणीं आईबापांबरोबर रंगभूमीवर काम करीत असे. त्या खेळांत बाप त्याला उचलून खुशाल इकडून तिकडे फेंकीत असे. आपण हंसलों नाहीं तर लोक अधिक हंसतात, हें त्या वयांतच आपल्याला उमगलें, असें त्यानें पुढें स्वतःच सांगितलें आहे. म्हणजे तो गंभीर चेहरा हा अभिनयाचा अभाव नसून जाणूनबुजून पाळलेला संयम होय. शिवाय तो स्थिरहि नाहीं. डोळे सारखे बोलत असतात. फक्त ते आपल्याकडे पाहून बोलत नाहींत. समोर जें संकट आहे त्याची लांबी, रुंदी आणि वेग ते मोजीत असतात.

‘द जनरल’ (१९२६) चेंच उदाहरण घ्या. अमेरिकेंतील यादवी युद्धांत, १८६२ सालीं, उत्तरेच्या हेरांनीं दक्षिणेच्या मुलखांतून ‘जनरल’ नांवाचें आगगाडीचें एंजिन पळवून नेलें होतें. त्या खऱ्या घटनेवर हें कथानक रचलेलें आहे. कीटन होतो तो दक्षिणेकडील एंजिन-ड्रायव्हर जॉनी ग्रे. त्याच्या दोन आवडी : एक त्याचें एंजिन आणि दुसरी ॲनाबेल ली नांवाची मुलगी. युद्ध सुरू होतांच तो सैन्यांत नांव नोंदवावयास धांवतो. ड्रायव्हर म्हणूनच त्याचा अधिक उपयोग असल्यामुळें अधिकारी त्याला परत लावतात, पण कारण सांगत नाहींत. मुलीला तो भित्रा वाटतो. गणवेश घातल्याशिवाय तोंड दाखवूं नको, असें ती त्याला बजावते. जॉनी येऊन एंजिनाच्या चाकांना जोडणाऱ्या दांड्यावर खिन्नपणें बसतो. दुसरा कोणी नट असता तर येथें कॅमेरा जवळ आला असता आणि आपल्याला एक सुस्कारा पाहावा लागला असता. कीटन आहे तेथेंच बसून राहतो, गाडी हलूं लागते, आणि तो दांडा त्याला वर उचलतो, खालीं आणतो, पुन्हां वर उचलतो. दुःखांत बुडालेल्या त्या माणसाला याचा पत्ताच नाहीं. एंजिन शेडींत शिरतांना मात्र तो एकदम भानावर येतो. एवढाच प्रसंग. माणसाचें दुःख आणि जगाची बेफिकिरी एकाच चौकटींत, एका शब्दावांचून, आणि वर हंसूं ! त्या वेळीं चाकें एकदम जोरानें फिरलीं असतीं तर कीटनचा जीव गेला असता, हें ठाऊक असलेल्या प्रेक्षकाच्या हंसण्याला निराळीच धार येते.

भयानक म्हणतों तो हा. ‘स्टीमबोट बिल ज्युनियर’ (१९२८) मध्यें वादळांत एका घराची पुढची सबंध भिंत कीटनच्या अंगावर कोसळते, आणि माळ्याच्या उघड्या खिडकीची जागा नेमकी त्याच्यावर आल्यामुळें तो वांचतो. ती भिंत कागदाची नव्हती, आणि खिडकीच्या चौकटीचें व त्याच्या अंगाचें अंतर कांहीं इंचांचें होतें. ‘शेरलॉक ज्युनियर’ (१९२४) मध्यें पाण्याच्या टांकीखालीं आपटून त्याच्या मानेचें हाड मोडलें, तें त्याला कित्येक वर्षांनीं डॉक्टरांकडून कळलें. हा जिवावरचा खेळ दुरून आणि सलग दाखविणें कीटनला भागच होतें. मध्येंच कॅमेरा तोडला असता तर प्रेक्षकाला फसवणुकीचा संशय आला असता. त्याची चित्रणपद्धति त्याच्या हास्याच्या जातींतूनच निघाली आहे.

यंत्रांच्या बाबतींतहि दोघांची दृष्टि पाहण्याजोगी आहे. चॅप्लिन १९३१ सालीं लंडनमध्यें महात्मा गांधींना भेटला, तेव्हां यंत्रांना त्यांचा विरोध कां, असें त्यानें त्यांना विचारलें होतें. पांच वर्षांनीं निघालेल्या ‘मॉडर्न टाइम्स’ (१९३६) मध्यें यंत्र माणसाला शब्दशः गिळतें आणि जेवूं घालतां घालतां बडवतें. कीटनचें एंजिन त्याचें वैरीहि नाहीं आणि सेवकहि नाहीं. तें आपल्या नियमांनीं चालतें, आणि ते नियम शिकून घेईल त्याला साथ देतें. मुलगी एंजिनाच्या भट्टींत लांकडाची चिमूटभर काडी टाकते, तेव्हां जॉनी संतापून तिचा गळा धरतो आणि लगेच तिचें चुंबन घेतो; त्याच्या दोन्ही आवडींचें भांडण एका क्षणांत लागतें आणि मिटतें. आमच्या मतें प्रेमाचा इतका खरा प्रसंग चॅप्लिनच्या चित्रपटांत मिळणें कठीण. तेथें स्त्री बहुधा पूजेची मूर्ति असते.

तथापि ‘द जनरल’चा एक मोठा दोष कीटनभक्त झांकून नेतात, तो सांगितलाच पाहिजे. खऱ्या घटनेंत साहस उत्तरेच्या हेरांचें होतें. कीटननें नायक दक्षिणेचा केला. ज्या दक्षिणेसाठीं जॉनी लढतो ती गुलामगिरी टिकविण्यासाठीं युद्धांत उतरली होती, आणि या गोष्टीचा सबंध चित्रपटांत उच्चार नाहीं. दारिद्र्य, बेकारी, हुकुमशाही यांकडे चॅप्लिन डोळे उघडे ठेवून पाहतो. कीटनला समाज दिसतच नाहीं, त्याला वारा, पाणी, रूळ आणि चाकें दिसतात. पुलावरून खरें एंजिन नदींत पाडण्याचा त्याचा तो प्रसिद्ध प्रसंग पाहतांना आम्ही थक्क होतों. पण त्या एंजिनाबरोबर माणसेंहि बुडत आहेत ही जाणीव त्या चित्रांत फार पुसट आहे.

बोलपट आले आणि कीटन संपला, हें नेहमींचें विधानहि तपासून घ्यावें. त्याच्या आवाजांत कांहीं वाईट नव्हतें. ‘द जनरल’नें अपेक्षेप्रमाणें पैसा मिळविला नाहीं, आणि १९२८ सालीं कीटननें स्वतंत्र निर्मिति सोडून मेट्रो-गोल्डविन-मेयर या कंपनीची नोकरी पत्करली, ही आपल्या आयुष्यांतील सर्वांत मोठी चूक, असें तो पुढें म्हणत असे. तेथें कथा लेखी तयार हवी, खर्च आंखलेला हवा, धोक्याच्या उड्या बंद. त्या कंपनींत निघालेल्या त्याच्या कित्येक बोलपटांनीं पैसा बरा मिळविला, पण त्यांत कीटन उरला नव्हता. मद्यपान वाढलें आणि १९३३ सालीं कंपनीनें त्याला काढून टाकलें. चॅप्लिन १९१९ सालीं स्थापन झालेल्या युनायटेड आर्टिस्ट्सचा एक भागीदार होता, स्टुडिओ त्याचा स्वतःचा होता, आणि एक प्रसंग शेंकडों वेळां पुन्हां घेण्याची चैन त्याला परवडत होती. दोघांच्या उत्तरकाळाची तुलना करून चॅप्लिनला अधिक गुण देणारांनीं हा जमाखर्च विसरूं नये.

१९२१ सालीं टिळक स्वराज्य फंडासाठीं ‘संयुक्त मानापमान’ झालें आणि गंधर्व-भोसले एकाच रंगभूमीवर उभे राहिले. चॅप्लिन-कीटन यांचा तसा योग १९५२ मध्यें ‘लाइमलाइट’ांत आला. दोन म्हातारे विनोदी नट, एकाजवळ फिडल, दुसऱ्यापुढें पियानो. कीटनचें उत्तम काम चॅप्लिननें मत्सरानें कापून टाकलें, अशी वदंता रसिकांत अजून चालते. तिला भक्कम पुरावा नाहीं, आणि जें शिल्लक आहे तेंच पुरेसें आहे. चॅप्लिनचा पाय विजारींत आखूड होत जातो, तो आपल्याकडे पाहतो, आपण हंसतों. पलीकडे कीटन पियानोवरून घसरणारे स्वरलिपीचे कागद सांवरीत असतो. कागद पुन्हां पुन्हां पडतात, तो पुन्हां पुन्हां गोळा करतो, आणि आपल्याकडे एकदांहि पाहत नाहीं.

हे सगळे चित्रपट आतां घरबसल्या पाहावयास मिळतात. मुलांबरोबर पाहावयाचे असल्यास आरंभ ‘शेरलॉक ज्युनियर’नें करावा. तो जेमतेम पाऊण तासाचा आहे, आणि सिनेमागृहांतील यंत्रावर काम करणारा मुलगा झोंपेंत पडद्यांत शिरतो ती मौज समजावयाला इंग्रजी येण्याचीहि गरज नाहीं. ‘सिटी लाइट्स’ थोडा थांबून, मुलें जरा मोठीं झाल्यावर दाखवावा.