भिंतीबाहेरचीं चित्रें

युरोपांतील धार्मिक भित्तिचित्रें पाहावयाचीं तर बहुधा मंदिराच्या आंत जावें लागतें. रुमानियाच्या ईशान्य कोपऱ्यांतील बुकोव्हिना प्रांतांत मात्र प्रवाशाचे पाय दाराबाहेरच खिळतात. तेथील वोरोनेत्स, हुमोर, मोल्दोवित्सा, सुचेवित्सा या ऑर्थोडॉक्स मठांच्या चर्चना आंतल्याप्रमाणें बाहेरूनही, थेट वळचणीपर्यंत, चित्रांनीं मढवून काढलें आहे. निरक्षर शेतकऱ्यांसाठीं रंगविलेली ही पोथी होय, असें यांविषयीं नेहमीं सांगण्यांत येतें. तें खोटें नाहीं; पण अपुरें आहे. नुसती पोथीच सांगावयाची असती, तर चित्रकारानें तोफा कशाला काढल्या असत्या?

या तोफा मोल्दोवित्साच्या दक्षिण भिंतीवर आहेत. हें चर्च मोल्डाव्हियाचा राजा पेत्रू रारेश यानें १५३२ सालीं बांधविलें व १५३७ सालीं तें रंगविण्यांत आलें. चित्राचा विषय कॉन्स्टॅन्टिनोपलचा वेढा. इ. स. ६२६ मध्यें आव्हार व इराणी सैन्यांनीं त्या नगरीला घातलेला वेढा कुमारी मातेच्या कृपेनें उठला, अशी श्रद्धा आहे, व तिच्या स्तोत्राशीं ही कथा निगडित आहे. पण भिंतीवरील शत्रु तुर्की वेषांत आहे आणि त्याच्यापाशीं तोफा आहेत. तुर्कांच्या तोफांपुढें ही नगरी १४५३ मध्यें पडली, हें चित्रकाराला ठाऊक नव्हतें असें थोडेंच आहे? त्यानें जुन्या सुटकेची कथा घेतली, तींत ताजा शत्रु उभा केला आणि नगरी पडूं दिली नाहीं. पेत्रूचें राज्य सुलतानाला खंडणी देत होतें. चित्र पुरें झाल्यावर पुढच्याच वर्षीं सुलेमान स्वतः सैन्यासह चालून आला आणि पेत्रूला गादी सोडून पळावें लागलें. हें लक्षांत घेतलें म्हणजे त्या भिंतीवर कथेपेक्षां धांवाच अधिक ऐकूं येतो. हुमोर येथील १५३५ च्या अशाच चित्रांत नगरांतून बाहेर पडून शत्रूवर तुटून पडणाऱ्या घोडेस्वाराच्या वर ‘तोमा’ हें नांव आहे. तो चित्रकार स्वतःच, असें मानतात. मला तें सहज पटतें.

वोरोनेत्सची कीर्ति मात्र तिच्या निळ्या रंगावर चालते. प्रवासी येतात, निळाईची तारीफ करतात आणि निघून जातात. रंग सुंदर आहे, यांत वाद नाहीं. आपण अजिंठ्याच्या चित्रांनाही सैलपणें फ्रेस्को म्हणतों. पण तेथें वाळलेल्या लेपावर चिकट द्रव्यांत कालविलेले रंग दिले आहेत. येथें काम मुख्यतः ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर झालें. चुना हवेच्या योगानें घट्ट होतांना रंगाला आपल्यांतच कोंडून घेतो. म्हणूनच १५४७ च्या सुमाराचीं हीं चित्रें उघड्यावर टिकलीं. उत्तरेकडील भिंतीवर वाऱ्यापावसानें पुष्कळ धुऊन नेलें आहे, हें खरें.

पश्चिमेच्या भिंतीला दार नाहीं, खिडकी नाहीं. ती सबंध भिंत म्हणजे अंतिम न्यायाचें एकच चित्र. वर देवदूत राशिचक्रासह आकाश गुंडाळीत आहेत; ख्रिस्ताच्या चरणांपासून अग्नीची नदी खालीं वाहते; श्वापदें खाल्लेल्या माणसांचे अवयव तोंडांत धरून परत आणीत आहेत. इतक्या गर्दींतही डोळा कोठें अडखळत नाहीं. पण शापितांच्या बाजूस मोझेस ज्यांना ख्रिस्ताकडे बोट दाखवितो, ते यहुदी, तुर्क, तातार आहेत. तुर्काची भीति समजते. तो दाराशीं उभा होता. यहुद्यानें कोणता वेढा घातला होता? रचनेच्या थोरवीनें हा प्रश्न मिटत नाहीं, आणि रसिकानें तो निळाईखालीं झांकूंही नये.

त्यांतून नवल असें कीं, याच चर्चच्या दक्षिण भिंतीवर, ख्रिस्ताच्या वंशवृक्षाच्या बाजूंना, प्लेटो व ॲरिस्टॉटल मानानें उभे आहेत. ते ख्रिस्ताच्या शेंकडों वर्षें आधींचे, अख्रिस्तीच. मेलेल्या परकीयाला सन्मान देणें जिवंत शेजाऱ्याला देण्याहून सोपें असतें, एवढेंच यावरून म्हणतां येईल.

सुचेवित्सा ही या साऱ्यांत धाकटी. तिचीं चित्रें १६०० च्या आसपासचीं. हात अधिक तयार, रेषा बारीक, हिरवा रंग मन निववणारा. तथापि पुष्कळ ठिकाणीं सफाईनें जिवंतपणावर मात केली आहे. अपवाद उत्तर भिंतीवरील शिडीचा. तीस पायऱ्यांची ती शिडी तिरपी स्वर्गाला भिडते. वरच्या बाजूस देवदूतांच्या रांगा एका लयींत पंख सांवरून आहेत, तर खालीं पाय घसरलेले साधु भुतांच्या हातीं अस्ताव्यस्त कोसळत आहेत. येथें तुर्क नाहीं, तोफ नाहीं. खालीं पडणारे सारे मठांतलेच आहेत.