पांढरं दिसतं ते सगळं हाड नसतं

मागच्या वर्षी मी मायक्रो-सीटीच्या प्रतिमा मोजत बसले होते. उंदराच्या कवटीला पाडलेलं छिद्र, त्यात ग्राफ्टचे दाणे, वर कोलॅजेनचं मेम्ब्रेन. आठ आठवड्यांनी छिद्र पांढरंशुभ्र भरलेलं! टक्केवारी इतकी छान आली की मी लगेच गाइडना दाखवायला गेले. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "यातलं नवीन हाड किती आणि तू स्वतः टाकलेलं किती?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्या रात्री मी या विषयातला पायाभूत पेपर पुन्हा वाचायला घेतला. डाहलिन आणि सहकाऱ्यांचा, १९८८ चा. आधी मूळ कल्पना सांगते. हाडात पोकळी झाली की तिथे आधी कोण पोहोचतं यावर पुढचं ठरतं. मऊ ऊतीच्या पेशी वेगाने वाढतात, हाड तयार करणाऱ्या पेशी सावकाश. मऊ ऊतीने जागा बळकावली की हाडाला वावच उरत नाही. म्हणून मध्ये पडदा घालायचा आणि हाडासाठी जागा राखून ठेवायची.

डाहलिन यांनी उंदरांच्या खालच्या जबड्याला दोन्ही बाजूंनी आरपार छिद्रं पाडली. एका बाजूला टेफ्लॉनचं मेम्ब्रेन, दुसरी बाजू तशीच उघडी. मेम्ब्रेनच्या बाजूला तीन आठवड्यांत निम्म्या प्राण्यांमध्ये आणि सहा आठवड्यांत सगळ्यांमध्ये छिद्र हाडाने भरलं. उघड्या बाजूला २२ आठवड्यांनंतरही जवळपास काहीच नाही, नुसती संयोजी ऊती.

या प्रयोगाची ताकद कशात आहे? प्राणी तोच, जबडा तोच, फरक फक्त एका गोष्टीचा. शिवाय छिद्रात ग्राफ्ट नव्हतं. म्हणजे जे हाड दिसलं ते प्राण्याचंच.

आता मर्यादा. जबड्याचं ते हाड पातळ, आणि छिद्राला चहूबाजूंनी हाडाचा काठ. दात काढल्यावर माणसाच्या जबड्याची बाहेरची भिंत झिजते, तिथे एका बाजूला आधारच नसतो. उंदराचं हाड भरतंही लवकर. त्यामुळे "उंदरात सहा आठवडे" वरून "माणसात इतके महिने" असा हिशेब मांडता येत नाही. पेपरने तत्त्व सिद्ध केलं, उपचार नाही. हा फरक नंतरच्या बऱ्याच प्रस्तावनांमध्ये गायब होतो.

माझी खरी तक्रार पुढच्या टप्प्याबद्दल आहे. टेफ्लॉन विरघळत नाही, ते काढायला दुसरी शस्त्रक्रिया लागते. म्हणून विरघळणारं कोलॅजेन आलं. पण ते ओलं झालं की मऊ पडतं, पोकळीत खचतं. मग खालून टेकू म्हणून ग्राफ्ट भरायचं. व्यवहारात हे बरोबरच आहे. पण प्रयोगात आता दोन गोष्टी एकदम बदलल्या. "ग्राफ्ट अधिक मेम्ब्रेन" विरुद्ध "रिकामं छिद्र" अशी तुलना केली, तर श्रेय कोणाला द्यायचं? माझ्या सिनॉप्सिसमध्येही नेमके हेच दोन गट होते.

ग्राफ्ट निरुपद्रवी टेकू आहे असंही समजू नका. अराऊजो आणि लिंधे यांच्या गटाचे २००९ चे कुत्र्यांवरचे दोन अभ्यास शेजारी ठेवून वाचा. दात काढलेल्या खाचेत गायीच्या हाडापासून केलेलं ग्राफ्ट भरलं, तर दोन आठवड्यांनी तिथे नवीन हाड रिकाम्या खाचेपेक्षा कमी होतं. पण सहा महिन्यांच्या अभ्यासात त्याच प्रकारच्या ग्राफ्टने जबड्याची रुंदी बरीच टिकवली. म्हणजे आकार टिकणं आणि हाड बनणं हे दोन वेगळे निकाल आहेत. एक्स-रेवर मात्र दोन्ही पांढरेच दिसतात, कारण ग्राफ्टचे दाणेही खनिजच!

म्हणून प्रयोग आखताना चार गट धरा: रिकामं छिद्र, फक्त मेम्ब्रेन, फक्त ग्राफ्ट, आणि दोन्ही. प्राणी जास्त लागतील, नैतिक समितीला कारण द्यावं लागेल. पण उत्तरच न देणाऱ्या प्रयोगात कमी प्राणी मारणं ही काटकसर नव्हे. मोजताना नवीन हाड, उरलेलं ग्राफ्ट आणि मऊ ऊती यांचे तीन वेगळे आकडे द्या, आणि त्यासाठी ऊतीचे काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघाच.

मी ते केलं. माझ्या त्या सुंदर टक्केवारीतला मोठा भाग मीच टाकलेले दाणे निघाले. वाईट वाटलं, दोन दिवस लॅबमध्ये कोणाशी नीट बोलले नाही. पण जे उरलं ते हाड खरं होतं. आता प्रबंधात तोच आकडा जाईल.