सही कोणाची आणि विमा कशाचा?

चिमूरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मागे सिकलसेलविषयी बोलण्यासाठी गेलो होतो. व्याख्यान संपल्यावर एक वर्गशिक्षक बारावीतील मुलीचे दोन रिपोर्ट घेऊन आले. पहिल्यावर ‘सिकलसेल पॉझिटिव्ह’ एवढेच लिहिलेले आणि खाली पॅथॉलॉजिस्टच्या सहीचा छापील ठसा. दुसऱ्यावर ‘एएस’. मुलगी पोलीस भरतीसाठी रोज पहाटे धावत असे. पहिला रिपोर्ट आला आणि घरच्यांनी तिचे धावणे बंद केले. “सर, यातला खरा कोणता?” दोन्ही खरे होते. घोळ होता तो तिथेच.

पहिली चाचणी विद्राव्यतेची. रक्ताचे काही थेंब सोडिअम डायथायोनाइटच्या द्रावणात टाकतात. तांबड्या पेशी फुटतात, ऑक्सिजन निघून जातो आणि हिमोग्लोबिन ‘एस’ असल्यास ते विरघळलेले न राहता द्रावण गढूळ होते. नळीमागे धरलेल्या कागदावरच्या रेघा दिसेनाशा झाल्या, की चाचणी पॉझिटिव्ह. पण एकच सदोष जनुक असलेला वाहक (एएस) आणि दोन्ही सदोष असलेला रुग्ण (एसएस), दोघांचीही नळी गढूळच होते. त्यांतला भेद इलेक्ट्रोफोरेसिसने कळतो. ‘एस’च्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन असते. त्यामुळे विद्युतभार बदलतो आणि विद्युतक्षेत्रात ‘ए’ व ‘एस’ वेगवेगळ्या वेगाने सरकतात. वाहकात दोन्ही पट्टे दिसतात, रुग्णात ‘ए’चा पट्टा नसतो. वाहक सर्वसाधारणपणे निरोगी असतो. ही मुलगी वाहक होती.

पॅथॉलॉजिस्ट हवा तो एवढ्यासाठी. नळी गढूळ झाली हे कोणीही सांगेल. पण सहा महिन्यांच्या आतील बाळात ‘एफ’ हिमोग्लोबिन जास्त असल्याने नळी स्वच्छ राहू शकते, नुकतेच रक्त चढवले असेल तर दात्याचे ‘ए’ मिसळून पट्टे फसवे येतात, आणि नुसत्या ‘पॉझिटिव्ह’वर रिपोर्ट थांबवणे म्हणजे अर्धे उत्तर देणे, हे जाणणारा माणूस लागतो. एमबीबीएसनंतर एमडीची तीन वर्षे त्यासाठीच खर्ची पडतात. १२ डिसेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधील एका प्रकरणात, पॅथॉलॉजीची पदव्युत्तर पात्रता असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरनेच रिपोर्टवर सही करावी, ही भारतीय वैद्यक परिषदेची भूमिका ग्राह्य धरली. पुढे केंद्राच्या नियमांत अगदी प्राथमिक चाचण्यांसाठी एमबीबीएस डॉक्टरलाही मुभा मिळाली. वाद मात्र सहीभोवतीच फिरत राहिला. नळी न पाहताच सहीचा ठसा उमटत असेल, तर त्यामागची पदवी कितीही अस्सल असली तरी रुग्णाला तिचा काय उपयोग?

सहीच्या आधीही बरेच काही घडत असते. रक्त काढल्यावर नळीतील पेशी जिवंतच असतात आणि त्या साखर खातात. फ्लोराइड नसलेल्या नळीत साखर दर तासाला साधारण ५ ते ७ टक्क्यांनी घटते, उष्णतेत अधिक वेगाने. चंद्रपूर जिल्ह्यातील मे महिना कसा असतो हे इथल्या वाचकांना सांगायला नको. चिमूरहून शंभरेक किलोमीटरवरच्या प्रयोगशाळेत अशी नळी दुपारी पोचली, तर मधुमेही माणूस कागदावर निरोगी ठरू शकतो. उलट, पेशी फुटल्या तर पोटॅशियम खोटेच वाढलेले दिसते. माझ्या प्रयोगशाळेत नमुन्यावर वेळ लिहिलेली नसली, तर तो मी टाकून देतो. माणसाच्या रक्ताला निदान तेवढी शिस्त लागू व्हायला हवी.

आता विमा. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत गडचिरोली होता. चंद्रपूरची पाळी नोव्हेंबर २०१३ मध्ये आली. २०१७ साली तिला महात्मा जोतिबा फुले यांचे नाव मिळाले, आणि २०१८च्या आयुष्मान भारत योजनेशी पुढे तिची सांगड घातली गेली. हृदयशस्त्रक्रियेसाठी शेत विकावे लागू नये, हा हेतू मोलाचाच, आणि त्याचा लाभ घेतलेली माणसे या भागात भेटतात. पण करार होतो तो रुग्णालयाशी, आणि पैसे मिळतात ते भरती झालेल्या रुग्णाच्या ठरलेल्या पॅकेजप्रमाणे. तपासण्यांचा खर्च त्या पॅकेजातच येतो. आयुष्मानमध्ये भरतीपूर्वीचे तीन दिवस धरले आहेत. त्याआधी महिनाभर ताप, अशक्तपणा, सांधेदुखी घेऊन माणूस फिरतो आणि खासगी प्रयोगशाळेत पैसे मोजतो, त्याला या हिशेबात जागा नाही. साहजिकच पॅथॉलॉजिस्ट खाटा असतील तिथे जातो. तालुक्याच्या गावी राहून ओपीडीचे नमुने पाहणाऱ्याला योजनेतून काहीच मिळत नाही.

सरकारने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. सरकारी दवाखान्यांतून महालॅबमार्फत मोफत तपासण्या होतात, आणि १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेत तपासणी आहे, समुपदेशनही आहे. माझी तक्रार एवढीच, की ज्या पैशातून मोठ्या शहरातील शस्त्रक्रिया होते, त्याच पैशातून चिमूरमधील पक्के निदान का होऊ नये? बाह्यरुग्णाच्या तपासणीचे दर ठरवावेत आणि प्रयोगशाळेला मान्यता देताना पदवीबरोबर गुणनियंत्रणाची वही तपासावी. ज्ञात मूल्याचा नमुना रोज तपासून त्याचा आलेख ठेवणे, हे नववीच्या मुलालाही समजेल इतके सोपे काम आहे.

त्या मुलीच्या वडिलांना आम्ही दोन्ही पट्टे वहीत काढून दाखवले. ते बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, “पहिल्याच कागदावर हे लिहिलं असतं तर?” मी पहिला रिपोर्ट पुन्हा हातात घेतला. नमुना घेतल्याच्या वेळेचा रकाना त्यावर होता. तो कोराच होता.