साधा वेष आणि त्यागाचा वेष : अहेरी परिसरातील माडिया स्त्रियांच्या निमित्ताने

अहेरी-भामरागडच्या अरण्यातील माडिया स्त्रीच्या वेषाचे वर्णन करताना 'साधा' हे विशेषण लेखणीतून सहज उतरते. आखूड लुगडे, उघडे मस्तक आणि अनवाणी पाय एवढ्यावरून ते सुचते. विशेषण निरुपद्रवी भासते. वस्तुतः त्याने मोठा घोटाळा होतो.

साधेपणा कापडात नसतो, कापडामागील निर्णयात असतो. सतराव्या शतकात इंग्लंडात उदयास आलेल्या क्वेकर पंथातील स्त्रियांचा वेष या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. करड्या-तपकिरी रंगाचा झगा, लेस व फितींचा त्याग, डोक्यावर पांढरी टोपी आणि बाहेर पडताना तीवर चेहरा झाकणारे बॉनेट. या पंथात धनाढ्य व्यापारी व पेढीवाली घराणी होती. त्यांनी भपका नाकारला तो ऐपत असूनच. पुढे हा नकारच गणवेष बनू लागला, तेव्हा पंथसंस्थापक जॉर्ज फॉक्स यांच्या पत्नी मार्गारेट फेल यांनी 1700 साली, उतारवयात, एकसारख्या वेषाच्या आग्रहास स्पष्ट विरोध केला. तथापि हा आग्रह शिथिल व्हावयास 1860 साल उजाडावे लागले.

माडिया स्त्रीने असे काय नाकारले आहे? अंगावरील गोंदण, मण्यांच्या माळा, केसांत खोवलेल्या फण्या हा सारा शृंगारच होय. देहाबरोबर जाणारे लेणे गोंदणाचेच, अशी समजूत गोंड समाजात आढळते. शेजारच्या बस्तरातील मुरियांवर 1947 साली ग्रंथ लिहिणाऱ्या व्हेरिअर एल्विन यांनी तेथील फण्यांचे बारकाईने वर्णन केले. कारण तरुणाने तरुणीस दिलेली फणी केवळ केस विंचरण्यासाठी नसते. मैदानी मुलखात डोक्यावरचा पदर ही मर्यादेची खूण. येथे केस हेच शृंगाराचे स्थान, ते झाकावे कशाला? पदराच्या मापाने मोजणाऱ्यास मात्र या उघड्या मस्तकात कधी निरागसता दिसते, कधी उणीव. (दोन्ही निदाने मोजणाऱ्याचीच.)

हा केवळ शब्दांचा वाद नव्हे. 'साधा' म्हणजे 'अपुरा' असे मनात ठरले, की झंपर व पातळ वाटणाऱ्यांच्या दयेस आधार मिळतो. आणि ज्या माळा व गोंदण पाहिलेच नाही, ते गेल्याची नोंदही कोणी करीत नाही. गोंदून घेणे आता पुष्कळ कमी झाले आहे. शाळेत गेलेल्या मुली पंजाबी पोशाख पसंत करतात. ती निवड त्यांची असेल, तर तिच्याविरुद्ध बोलण्याचा अधिकार वर्णनकारास नाही. पण ती निवड कितपत त्यांची आणि कितपत शाळेच्या गणवेषाची, हा प्रश्न वर्णनकाराने त्या मुलींनाच विचारावयास हवा.