इंद्रायणीचा फेस कोणत्या रकान्यात?
वॅकरनागेल आणि रीस यांचं १९९६ चं 'अवर इकॉलॉजिकल फूटप्रिंट' जरूर वाचा. पण त्यातली पद्धत पिंपरी-चिंचवड-चाकण पट्ट्याला लावण्याआधी जरा थांबा. माणसं काय आणि किती वापरतात, ते ही पद्धत जमिनीच्या हेक्टरमध्ये मोजते. चाकणला बनलेली कार नागपुरात विकली गेली, तर तिचा भार नागपूरच्या खात्यात. हे एकवेळ पटतं. पण आळंदीला इंद्रायणीवर तरंगणारा फेस? सांडपाण्यातली रसायनं हेक्टरमध्ये बसतच नाहीत, म्हणून तो कुणाच्याच खात्यात नाही! पवनेच्या पाण्याचंही तेच. नोव्हेंबर २०१९ मध्ये शहराचं पाणी दिवसाआड झालं. या आकड्याला त्याचा पत्ताच नाही. प्रबंधात फूटप्रिंट घ्या, पण शेजारी नदीच्या बीओडीचा आणि डिटर्जंटचा रकाना हवाच.