पिंपळे सौदागरची मोजदाद

पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मान यांनी १९१७ साली दख्खनमधल्या एका खेड्याच्या जमीन आणि मजुरीचा अभ्यास प्रसिद्ध केला. खेड्याचे नाव पिंपळे सौदागर. पवनाकाठचे हे गाव आज पिंपरी-चिंचवड महापालिकेत आहे आणि तिथे जमिनीचा भाव एकरात नव्हे, चौरस फुटात सांगतात. आपल्याकडच्या ग्रामसर्वेक्षणांची वंशावळ काढायची तर या पुस्तकाला वगळून चालत नाही. (सहस्रबुद्धे, कानिटकर आणि ताम्हणे हे त्यांचे सहकारी. गावकऱ्यांशी मराठीत बोलण्याचे काम बहुधा त्यांच्याच वाट्याला आले असणार. पण उल्लेख होतो तो ‘मान यांचा अभ्यास’ असाच.)

मान यांची आकडेवारी आजही वाचकाला थांबवते. १७७१ मध्ये या गावातले सरासरी खाते ४० एकरांचे होते, १८१८ मध्ये साडेसतरा एकर, आणि १९१५ च्या सुमारास अवघे ७ एकर. १५६ खातेदारांची जमीन सातशेहून अधिक तुकड्यांत विखुरलेली, त्यांतले ४६३ तुकडे एकराच्याही आतले. १०३ कुटुंबांपैकी ६७ कुटुंबांचा जमाखर्च मजुरी धरूनही जुळत नव्हता. ‘शेतकरी आळशी आणि उधळा’ असे सरसकट म्हणण्याच्या काळात कुणीतरी घरोघरी जाऊन हिशेब मांडला, याचे मोल मी कमी लेखत नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना गावाच्या टप्प्यात होता आणि तिथल्या मजुरीने काही घरे तगली होती. शहराची ही छाया नको म्हणून मान पुढच्या अभ्यासासाठी दूरच्या, कोरडवाहू जातेगाव बुद्रुकला गेले. तो अभ्यास १९२१ चा. शास्त्राच्या दृष्टीने हे बिनचूक. पण शहरापासून जितके लांब तितके खेडे अस्सल, ही समजूत इथून आपल्या अभ्यासांत मुरली. बदल ज्या वाटेने गावात शिरत होता, तीच वाट अपवाद म्हणून बाजूला पडली.

त्याच सुमारास, १९१८ मध्ये, डॉ. आंबेडकरांनी लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. शेताचा नुसता आकार काही सांगत नाही. त्या शेतावर भांडवल किती, अवजारे किती, रिकामे हात किती, हे पाहा, असा त्यांचा मुद्दा होता. शेतीचा रोग बरा करायचा तर उपाय उद्योगधंद्यांत शोधला पाहिजे, असे ते म्हणत. म्हणजे मान यांना जो कारखाना अडचणीचा वाटला, तो आंबेडकरांच्या मांडणीत मध्यभागी येतो. आपल्या ग्रामीण अभ्यासकांनी हा निबंध सर्वेक्षणांच्या शेजारी ठेवून फारसा वाचला नाही, असे मला वाटते.

मोजदादीला कंटाळलेले लोक एम. एन. श्रीनिवासांकडे बोट दाखवतात. १९४८ मध्ये ते म्हैसूरकडच्या एका खेड्यात राहिले, १९७० मध्ये स्टॅनफर्डच्या आगीत त्यांची टिपणे जळाली, आणि केवळ स्मरणावर त्यांनी १९७६ चे ते गाजलेले पुस्तक लिहिले. पुस्तक सुंदरच आहे. पण ते उतरले होते पाटलाच्या आश्रयाने, आणि गाव दिसले ते मुख्यतः त्या ओसरीवरून. स्वतः श्रीनिवासांनीही ही मर्यादा लपवलेली नाही. आपले त्रिंबक नारायण आत्रे तर मुलकी खात्यातले. १९१५ चा ‘गावगाडा’ मराठीत, आतल्या माणसाने लिहिलेला. तरी त्यातल्या फिरस्त्यांना लेखक कुणब्यावरचा भार म्हणून तोलतो. भाषा आपली असली म्हणून नजर सगळ्यांची होत नाही.

हे मी दुसऱ्यांवर ढकलत नाही. बारा वर्षांपूर्वी नगर जिल्ह्यातल्या एका गावात मी स्वतः तयार केलेली प्रश्नावली घेऊन फिरत होतो. एका घरी पेरणीपासून बाजारापर्यंत सगळे बाई पाहत होत्या. नवरा पुण्यात टेंपो चालवायचा, दिवाळी-यात्रेला यायचा. ‘कुटुंबप्रमुख’ या रकान्यापाशी मी अडलो. त्या म्हणाल्या, “त्येंचंच नाव लिवा भाऊ, सातबाऱ्यावर त्येंचंच हाये.” मी लिहिले. त्या घराची शेती माझ्या कोष्टकात एका गैरहजर पुरुषाने केलेली आहे. असे किती रकाने मी भरले, हे आता सांगता येणार नाही, कारण बाकीच्या घरांत मी अडलोच नाही.

पिंपळे सौदागरचे पुनर्सर्वेक्षण पां. नव्हे तर पी. डी. डिस्कळकर यांच्या नावाने १९६० मध्ये पुस्तकरूपाने आले. पुन्हा त्याच गावी जाणे ही आपल्याकडे दुर्मीळ गोष्ट. मात्र पुनर्सर्वेक्षणाला तुलनेसाठी जुनेच रकाने लागतात, आणि जे नवे घडले ते नेमके त्या रकान्यांबाहेर असते. तिसऱ्यांदा कुणी गेलेच, तर त्याने सातबाऱ्याच्या आधी भाडेकरार पाहावेत, आणि सोसायट्यांत धुण्याभांड्याला येणाऱ्या बायका कोणत्या तालुक्यातून आल्या ते विचारावे. त्यांतली एखादी जातेगावच्या बाजूची निघाली, तर मान यांची दोन्ही पुस्तके एकत्र बांधावी लागतील.