आठ नंबरचा ब्रश

समीक्षा लिहायला त्या विषयातलं काहीतरी कळावं लागतं, अशी एक समजूत आपल्याकडे आहे. ती खरी असती तर निम्मे समीक्षक आमच्या बँकेत चेक पास करताना दिसले असते. मी स्वतः बी.कॉम., सेकंड क्लास. तरीही आज ब्रशांवर लिहायला बसलोय, कारण ह्या ब्रशांत माझे पंधरा हजार रुपये आणि डाव्या हाताची पाचही बोटं अडकली होती.

त्याचं असं झालं. माझ्या भाचीने नोकरी सोडली आणि वाकोल्याला आमच्याच बाल्कनीत टेबल मांडून बायकांना अ‍ॅक्रिलिकची नखं लावून द्यायचं ठरवलं. "मामा, भांडवल तू दे," ती म्हणाली. ताई म्हणाली, "पोरीचं काही बरंवाईट झालं तर तुझ्या दारात येऊन बसेन." इतकं भक्कम तारण मी बँकेतसुद्धा पाहिलेलं नाही.

पहिलं गिऱ्हाईक दत्त मंदिर रोडचं. तिसऱ्या दिवशी बाई परत आल्या, दोन नखं रुमालात बांधून. पुढच्या रविवारी एका नवरीचे हात ठरलेले. भाचीने निकाल दिला: दोष ब्रशचा. मला आधी ही पळवाट वाटली. पण पोरीचं खरं होतं.

काम असं चालतं. एका वाटीत उग्र वासाचा द्रव, दुसरीत पावडर. ब्रश द्रवात बुडवायचा, काठाला निथळायचा आणि पावडरीला टोक टेकवायचं. टोकावर मोत्याएवढा गोळा धरतो, तो नखावर ठेवून थापायचा. सगळी गोम गोळ्यात द्रव किती, ह्यात. मला हे समजवायला भाचीला अर्धा तास लागला. हिला अर्धं मिनिट. "म्हणजे मोदकाची उकड," ही म्हणाली. "सैल झाली तर बसते, घट्ट झाली तर फुटते." आणि उकडीत पाणी किती, हे ब्रशच्या पोटावर ठरतं.

ही नखं 1950 च्या दशकात अमेरिकेतल्या फ्रेडरिक स्लॅक नावाच्या दातांच्या डॉक्टरने शोधली म्हणतात. स्वतःचं नख तुटलं, तेव्हा त्याने दातांचा मसालाच बोटाला लावला. त्यामुळे त्या शनिवारी आमच्या घराला दाताच्या दवाखान्याचा वास होता, आणि पेशंट म्हणून मी हात पुढे करून बसलो होतो.

अंगठ्यावर सोळा नंबरचा ब्रश चालला. जाडजूड, रुबाबदार, एका गोळ्यात नख पुरं करणारा. पण एवढं पाणी पितो की नवशिक्या हातातून द्रव कातडीवर वाहतो. हा द्रव वरचेवर कातडीला लागला तर कायमची अ‍ॅलर्जी जडू शकते. मोठ्या कादंबरीसारखाच हा, पेलली तर ठीक. तर्जनीला चार नंबर. त्याने पाच-सहा गोळे घालून नखावर बोरघाट उभा केला. मधल्या बोटाला चपटा जेलचा ब्रश. जेल घट्ट, त्याला नायलॉनचे ताठ केस चालतात. इथे मात्र गोळा ब्रशला धरेचना.

राहिले दोन, दोन्ही आठ नंबरचे. एकावर सोनेरी अक्षरांत 'शुद्ध कोलिन्स्की', किंमत एकशे ऐंशी रुपये. कोलिन्स्की म्हणजे सायबेरियातल्या एका विझलच्या शेपटीचे केस. ते द्रव पोटात धरतात आणि टोक सोडत नाहीत. मी एक केस उपटून काडी लावली. तो वितळला आणि प्लॅस्टिकचा थेंब झाला. दुसरा ब्रश बाविसशेचा, भाचीने मैत्रिणीकडून मागून आणलेला. त्याचा केस जळल्यावर अस्सल जळक्या केसाचा वास आला. करंगळीवरचं नख तर असं उतरलं की हीसुद्धा चष्मा लावून बघायला आली.

मी खूश. भाची गप्प. "मामा, केस कुणाचे?"

आता हा प्रश्न खरं तर मी विचारायचा. जन्म गेला लोकांचं केवायसी करण्यात. आपल्याकडे मुंगसाच्या केसांचे ब्रश वर्षानुवर्षं विकले गेले. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली मुंगसाला संरक्षण आहे, केसांचा व्यापार हा गुन्हा. तरी धंदा थांबेना, म्हणून 2019 साली वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्यूरोला 'ऑपरेशन क्लीन आर्ट' नावाची मोहीम काढावी लागली. एका ब्रशला मूठभरही केस लागत नाहीत, पण ते केस कुणी मागून देत नाही. आमच्या ब्रशवर ना कारखान्याचं नाव, ना देशाचं. खातेदार अज्ञात, पत्ता अज्ञात, फक्त सही सुंदर.

"नवरी होईपर्यंत वापर, मग परत कर," मी बँकेतल्या माणसाला न शोभणारा सल्ला दिला. तिने मान हलवली आणि तोच एकशे ऐंशीचा खोटा कोलिन्स्की उचलला. त्याचा डिंक चोळून काढला, द्रवात भिजवला, सैल केस चिमट्याने उपटले. तो द्रव कमी धरतो, म्हणून गोळे लहान घेऊन जास्त वेळा ठेवायचे, असं तिचं ठरलं. अनामिकेवर पाचदा केलं आणि चारदा घासून काढलं. रात्रीचे दीड वाजले. पाचवं नख करंगळीच्या नखाइतकं देखणं नव्हतं. टिकलं मात्र.

रविवारी नवरीला साडेतीन तास लागले. गुरुवारी लग्न पार पडलं, रुमालात काही परत आलं नाही. सत्यनारायणाला बोलावणं होतं, तेव्हा प्रसाद घेण्याच्या निमित्ताने मी तिची दहाही बोटं मोजून आलो.

माझी चार नखं भाचीने अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून उतरवली. अनामिकेचं पाचवं राहू दिलंय, किती दिवस टिकतं ते बघायला. बँकेत साहेबांनी विचारलं, "हे काय?"

"रिसर्च," म्हटलं, आणि हात ड्रॉवरमध्ये घातला.